रोगप्रसार आणि दंडविधान

मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग नागपूर सोडल्यावर गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे टाकीत दुर्ग येथे पोचतो आणि दुर्गच्या लगतच भिलाई लागते. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या सर्व भागांतून माणसे या नव्या नगरीत आली. वऱ्हाड-नागपुराकडील मराठी कुटुंबेही त्यांत होती. आजही लग्नकार्यास, सणावारास किंवा आजाऱ्याच्या भेटीस या कुटुंबांची पावले याच लोहमार्गाने नागपूरकडे वळतात. माणसे जेथे दाटीने राहतात आणि सतत प्रवास करतात, तेथे रोगही त्यांच्याबरोबर राहतो व प्रवास करतो. म्हणून फौजदारी कायदा आणि रोगप्रसार यांचा संबंध समजून घेण्यास अशा नगरीतील एखादे साधे उदाहरण सोयीचे पडते.

समजा, भिलाईतील एका कामगारास कित्येक आठवडे खोकला येत आहे. तो रुग्णालयात जातो. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू आढळतात. काही दिवस वेगळे राहावे, तोंडावर रुमाल धरावा, औषध चुकवू नये, असे डॉक्टर त्याला समजावून सांगतात. दोनच दिवसांनी नागपूरला भाचीचे लग्न आहे. मामा नाही गेला तर लोक काय म्हणतील, आणि का गेला नाही हे सांगितले तर आणखी काय म्हणतील, या विवंचनेत तो कोणाजवळ काही न बोलता गच्च भरलेल्या डब्यात जाऊन बसतो. त्याने अपराध केला काय?

या प्रश्नाचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षे एकाच शब्दयोजनेत शोधले गेले आहे. १८६० साली संमत झालेल्या व १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंड संहितेतील कलम २६९ व कलम २७० ही ती शब्दयोजना होय. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हीच कलमे अनुक्रमे २७१ व २७२ या क्रमांकांनी तिच्यात आली. शब्द बदलले नाहीत. जीवितास धोकादायक असलेल्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे अशी कृती जो कोणी बेकायदेशीरपणे किंवा हयगयीने करील, आणि तसा संभव आहे याची त्याला जाणीव असेल किंवा तसे मानण्यास कारण असेल, त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, द्रव्यदंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हीच कृती द्वेषबुद्धीने केली असल्यास कारावासाची मर्यादा दोन वर्षांपर्यंत जाते. दोन्ही अपराधांत पोलिसांना अधिपत्राशिवाय अटक करता येते. मात्र जामीन हा आरोपीचा हक्क असतो.

या कलमांत एक गोष्ट नाही, आणि तिचे नसणे हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्यक्षात कोणाला रोग झालाच पाहिजे, अशी अट येथे नाही. डब्यातील एकही प्रवासी आजारी पडला नाही तरी खटला उभा राहू शकतो. कारण कायदा परिणामाला नव्हे, तर संभवाला शिक्षा करतो. वरवर पाहता हे कठोर वाटते. परंतु त्याचे कारण कार्यकारणाच्या शृंखलेत आहे. दुसऱ्याच्या मृत्यूस हयगयीने कारण होण्याचा जो स्वतंत्र अपराध आहे, त्याबाबत १९०२ साली एम्परर विरुद्ध ओंकार रामप्रताप या प्रकरणात सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी असा निकष घालून दिला की, मृत्यू हा आरोपीच्या हयगयीचा प्रत्यक्ष परिणाम असला पाहिजे. मध्ये दुसऱ्या कोणाची हयगय आलेली नसावी. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्याला लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हाच निकष पुन्हा उचलून धरला. आता हा निकष रोगाला लावून पाहावा. क्षयाचे जंतू शरीरात शिरल्यावर कित्येक वर्षे निपचित राहू शकतात. नागपूरच्या एखाद्या प्रवाशास तीन वर्षांनी क्षय झाला, तर तो त्या डब्यातून आला की शेजाऱ्याकडून की कारखान्यातील सोबत्याकडून, हे कोण सांगणार? दोन रुग्णांतील जंतू एकाच वंशाचे आहेत एवढे आजची प्रयोगशाळा सांगू शकते, पण ते कोणाकडून कोणाकडे गेले हे तेवढ्याने सिद्ध होत नाही; तिसराच कोणी दोघांना कारण असू शकतो. आगीचा उगम शोधता येतो, श्वासाचा सहसा नाही. संहिताकारांनी ‘परिणाम’ सोडून ‘संभव’ धरला, तो या अडचणीवरचा एक तोडगाच म्हटला पाहिजे.

परंतु संभव कशाने ठरतो? तो त्या त्या काळच्या वैद्यकाने ठरतो, आणि वैद्यक बदलत असते. १८८३ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे क्वीन-एम्प्रेस विरुद्ध कृष्णप्पा हे प्रकरण आले. स्वतःला पटकी झाली आहे हे ठाऊक असताना, रेल्वेच्या अधिकाऱ्यांना न कळवता आरोपीने आगगाडीने प्रवास केला होता. त्याला कलम २६९ खाली दोषी धरण्यात आले. आणि त्याची अवस्था जाणून त्याचे तिकीट काढून देणारा सहप्रवासी अपप्रेरणेच्या अपराधास पात्र ठरला. याच वर्षी रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ पटकीच्या जंतूच्या शोधात प्रथम ईजिप्तला व तेथून कलकत्त्याला गेला, आणि १८८४ च्या आरंभी त्याने तो जंतू निश्चित केला. पटकी ही प्रामुख्याने दूषित पाण्यातून व अन्नातून पसरते, शेजारी बसल्याने नव्हे, हे आज शाळेतील मुलालाही माहीत असते. लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ सालीच पाण्याच्या पंपाकडे बोट दाखविले होते. पण तो विचार सर्वमान्य होण्यास फार काळ लागला. तेव्हा मद्रासच्या त्या प्रवाशाने डब्यातील माणसांना जो धोका उत्पन्न केला तो बहुधा शौचकूपातून व हातांतून असणार. न्यायालयासमोर ज्या समजुतीचे वजन होते ती मात्र निराळी असण्याचा संभव आहे. निकाल चुकीचाच होता असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु संहिता तयार झाली तेव्हा जंतुसिद्धान्त रूढ व्हायचा होता, आणि तिचा ‘संसर्ग’ हा शब्द जंतूंच्या ज्ञानाआधीचा आहे, हे विसरून चालणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयासमोर १८८६ साली आलेले प्रकरण अधिक नाजूक होते. उपदंश झालेल्या एका वेश्येने आपण निरोगी असल्याचे सांगून एका पुरुषाशी संबंध ठेवला आणि त्याला लागण झाली. न्यायालयाने कलम २६९ लागू होत नाही असे ठरविले. त्या कृतीत तो पुरुष स्वेच्छेने सहभागी होता. असत्य सांगून त्याला प्रवृत्त केले असेल तर फसवणुकीचा आरोप होऊ शकेल, परंतु हयगयीने रोग पसरविण्याचा नाही, असा त्या निकालाचा आशय होता. दोनच वर्षांनी, १८८८ साली, इंग्लंडमध्ये क्लॅरन्स प्रकरणात पत्नीला परम्याची लागण देणाऱ्या पतीची शिक्षा रद्द झाली. त्या काळच्या न्यायाधीशांना विवाहशय्येपर्यंत दंडविधान नेणे अप्रशस्त वाटत होते. इंग्लंडने हा विचार सोडला तो थेट २००४ साली, डिका प्रकरणात: लागण होऊ शकते हे ठाऊक असूनही बेपर्वाईने संबंध ठेवणाऱ्यास दोषी धरता येते, आणि संबंधास दिलेली संमती म्हणजे रोगाच्या धोक्यास दिलेली संमती नव्हे, असे तेथील अपील न्यायालयाने म्हटले. या दोन संमतींमधला भेद वास्तविक कोणासही पटण्यासारखा आहे. तो न्यायालयात पोचण्यास शतकाहून अधिक काळ गेला, एवढेच.

भारतात हा प्रश्न एड्सच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. गोव्यात १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमान्वये एचआयव्हीबाधित व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याचा अधिकार शासनास देण्यात आला होता. डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले, त्या रक्तात विषाणू आढळला, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला ताब्यात घेऊन क्षयाच्या एका जुन्या रुग्णालयात ६४ दिवस ठेवण्यात आले. त्याच्यावर कोणताही अपराध केल्याचा आरोप नव्हता. त्याची आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने डिसेंबर १९८९ मध्ये व्यक्तीच्या हक्कापेक्षा समाजाचे हित श्रेष्ठ मानून ती तरतूद वैध ठरविली. हा विषाणू श्वासातून वा स्पर्शातून पसरत नाही हे तेव्हाही ठाऊक होते. क्षय, पटकी आणि एचआयव्ही यांना एकाच मापाने मोजण्याची ही चूक होती, असे आज स्पष्टपणे म्हणावे लागते. डॉमिनिक डिसोझा यांनी पुढे रुग्णांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारण्यास हात घातला, परंतु १९९२ साली त्यांचे निधन झाले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एका डॉक्टरच्या प्रकरणात त्यापुढे पाऊल टाकले. रुग्णालयाकडून बाधा उघड झाल्यामुळे त्याचे ठरलेले लग्न मोडले होते, आणि भरपाई मागण्यास तो न्यायालयात आला होता. भरपाई तर मिळाली नाहीच. उलट, बाधा माहीत असून विवाह केल्यास कलम २६९ व २७० खाली तो अपराधी ठरेल, आणि असा रोग असेतोवर विवाहाचा हक्क निलंबित राहील, असे न्यायालयाने म्हटले. ज्या प्रकारच्या संबंधास मुंबईने १८८६ साली कलमाबाहेर ठेवले होते, तो असा कलमाच्या आत आला. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने विवाहाविषयीची विधाने त्या प्रकरणाच्या निर्णयास अनावश्यक होती असे म्हणून ती मागे घेतली. संसदेने २०१७ साली केलेल्या आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स विषयक अधिनियमात अखेर मधला मार्ग आहे: बाधित व्यक्तीने वाजवी खबरदारी घ्यावी, हे कर्तव्य, पण तसे केल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी सार्थ भीती असलेल्या स्त्रीस शरीरसंबंधाबाबत हे कर्तव्य लागू नाही. ही सवलत ज्याने लिहिली, त्याने संसार जवळून पाहिलेला असावा.

आतापर्यंत व्यक्तीच्या कृतीचा विचार झाला. रोगाच्या साथीत मात्र शासन वेगळेच हत्यार उपसते. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग अधिनियम अवघ्या चार कलमांचा होता, आणि त्याखाली काढलेल्या आदेशाचा भंग हा दंड संहितेच्या कलम १८८ चा अपराध मानला गेला. पुण्यात रँडसाहेबाच्या अंमलाखाली सोजिरांनी घराघरांत शिरून घेतलेल्या झडत्या, २२ जून १८९७ रोजी दामोदर चापेकर यांनी झाडलेली गोळी आणि टिळकांना झालेली अठरा महिन्यांची शिक्षा हा इतिहास मराठी वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही. त्यातील एक बाब मात्र या विषयाशी थेट निगडित आहे: झडतीच्या भीतीने लोकांनी रुग्ण लपविले. साथ आटोक्यात आणण्यासाठी जी माहिती सर्वांत आधी हवी, तीच बळाच्या वापराने नाहीशी झाली.

सव्वाशे वर्षांनंतर, २०२० च्या करोनाच्या साथीत, तोच अधिनियम आणि कलमे १८८, २६९ व २७० देशभर मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. त्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी भिलाईहून फार लांब जाण्याचे कारण नाही. म्यानमारच्या आठ नागरिकांवर नागपुरात दोषारोपपत्र दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २१ सप्टेंबर २०२० रोजी ते रद्द केले. त्यांच्या तपासण्या नकारात्मक आल्या होत्या. ज्याला रोगच नाही त्याची कोणती कृती रोग पसरविण्याचा संभव असलेली म्हणावी, एवढा साधा प्रश्न खटल्याला पेलला नाही. त्यापूर्वी महिनाभर, २१ ऑगस्ट रोजी, औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी नागरिकांवर नोंदलेले गुन्हे रद्द करताना, संकटकाळी दोष देण्यासाठी बळीचा बकरा शोधण्याची प्रवृत्ती असते आणि या परदेशीयांची तशी निवड झाल्याचे दिसते, असा अभिप्राय नोंदविला. पीठातील दुसऱ्या न्यायमूर्तींनी निर्णयास संमती दिली, परंतु काही निरीक्षणांबाबत आपला वेगळा विचार नमूद केला. कलम १८८ च्या खटल्यांत आणखी एक अडचण वारंवार आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार अशा अपराधाची दखल न्यायालयाला संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेता येत असे. नुसते पोलिसांचे दोषारोपपत्र पुरत नसे. नव्या संहितांतही, कलम क्रमांक बदलून, हीच अट आहे.

साथीपेक्षाही दीर्घकाळ ज्या रोगाचा कायद्याने पाठलाग केला तो कुष्ठरोग. १८९८ च्या अधिनियमानुसार अधिसूचित प्रदेशात निराधार कुष्ठरोग्याला पोलीस अधिपत्राशिवाय पकडू शकत होते. अन्नपदार्थ विकणे, विशिष्ट विहिरीवर पाणी भरणे, भाड्याच्या वाहनात बसणे यांवर बंदी घालता येत होती. रेल्वेचा डबा तेवढा वगळलेला होता. भिलाईवरून जाणारा लोहमार्ग बिलासपूरच्या पुढे चांपा येथे जातो. रेल्वेच्या नोकरीत असलेल्या आणि स्वतः या रोगाने ग्रासलेल्या सदाशिव कात्रे यांनी १९६२ साली तेथे आश्रम स्थापन केला. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी पुढे आयुष्यभर तो सांभाळला. आश्रम उभा राहिला तेव्हा हा अधिनियम जिवंत होता. औषधाच्या पहिल्या काही मात्रांनंतरच रुग्ण संसर्गक्षम राहत नाही, हे कित्येक दशके ठाऊक असूनही तो २०१६ पर्यंत रद्द झाला नाही.

आता भिलाईच्या त्या कामगाराकडे परत यावे. क्षय हा जीवितास धोकादायक रोग आहे. तो हवेतून पसरतो, आणि बंद डब्यातील काही तासांचा सहवास हा संभव म्हणण्याजोगा आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितल्यामुळे जाणीवही सिद्ध होते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे कलम ५६ संसर्गजन्य रोग्याने परवानगीविना प्रवास करण्यास मनाई करते. सारांश, कागदावर तो कलम २७१ च्या कक्षेत येतो. द्वेषबुद्धी नसल्यामुळे कलम २७२ च्या कक्षेत येत नाही. औषध सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर तो निघाला असता, तर संसर्गाचा संभवच क्षीण झाला असता. आणि तपासणीच न करता तो निघाला असता तर? मग त्याला काही ठाऊक नव्हते असे म्हणता आले असते. येथे या कायद्याची सर्वांत अवघड जागा आहे. जो तपासणी करून घेतो तो जाणता ठरतो आणि शिक्षेस पात्र होतो. जो खोकला अंगावर काढतो तो अजाण राहतो आणि सुटतो. ‘मानण्यास कारण असणे’ हे शब्द ही फट काहीशी बुजवितात, पण पूर्णपणे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने २००८ साली, हेतुपुरस्सर व प्रत्यक्ष केलेल्या संक्रमणापुरताच फौजदारी कायदा वापरावा, अशी शिफारस केली ती याच कारणासाठी. भारत सरकारने १६ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत क्षयासंबंधी कलमे २६९ व २७० यांचे टोक निराळ्याच दिशेला वळविले: क्षयाच्या रुग्णाची माहिती शासनास न कळविणारे डॉक्टर, प्रयोगशाळा व औषधविक्रेते यांना ही कलमे लागू होऊ शकतील. रुग्णाऐवजी, ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याच्यावर भार टाकण्याचा हा विचार तर्काला धरून आहे. मात्र नाव कळविले गेले म्हणजे चाळीत बातमी फुटेल या धास्तीने रुग्ण गावठी वैद्याकडे वळला तर तोही फसतो.

आणखी एक प्रकार असा की ज्यात आजारी माणूस मुळी कर्ता नसतोच. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंगीची साथ आली. खुर्सीपार, छावणी या वस्त्यांना तिचा मोठा तडाखा बसला. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात, कूलरच्या टाकीत, टायरात, उघड्या पिंपात वाढतो. तापाने फणफणलेला रुग्ण कोणाला काही करीत नाही. हयगय असलीच तर ती पाणी साठू देणाऱ्याची, नळाला रोज पाणी न आल्यामुळे पिंप भरून ठेवणे भाग पाडणाऱ्या व्यवस्थेची, आणि उपसा व फवारणी वेळेवर न करणाऱ्यांची. एवढ्या अनेकांत वाटली गेलेली हयगय फौजदारी न्यायालयात कोणा एकाच्या माथी मारणे कठीण असते.

परंतु अशक्य नसते. रतलाम येथील एका वस्तीतील रहिवाशांनी उघडी गटारे, मैला व दुर्गंधी यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेस ठरावीक मुदतीत गटारे बांधण्याचा आदेश दिला. आपल्यापाशी पैसा नाही, असे नगरपालिकेने सांगितले, आणि हे म्हणणे ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९८० साली ते साफ नाकारले. सार्वजनिक आरोग्य राखणे हे ज्या संस्थेचे वैधानिक कर्तव्य आहे, तिला तिजोरी रिकामी असल्याची सबब सांगता येणार नाही. रतलाम त्या वेळी मध्य प्रदेशात होते, आणि भिलाईही होती. कलम १३३ चा अधिकार आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे, व भिलाईतील कोणाही रहिवाशाला त्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. कायम झालेला असा आदेश जो पाळणार नाही, त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होते. २०२० साली टाळेबंदी मोडल्याबद्दल लोकांवर जे कलम १८८ लावण्यात आले, त्याचेच हे नवे रूप होय.